दाराची आतली बाजू

सकाळी साडेसहाला बूट हातात घेऊन
मी माझ्याच घरातून चोरासारखी निघते.
लुचे डोळे मिटून पडलेला,
पण त्याचा एक कान जागा असतो, आणि त्याला माहीत असतं
की मला माहीत आहे.

असं आमचं रोजचं नाटक.

वाल्पाराइसोच्या टेकडीवर, एकशे बासष्ट पायऱ्या चढून
पत्र्याचं निळं घर. खाली बंदर.
बंदरात माझी क्रेन.
चाळीस मीटर उंच, काचेच्या खोक्यात बसून
मी लोकांचे कंटेनर उचलते,
येताना पंखे, सायकली, औषधं,
जाताना द्राक्षं, सफरचंदं, आणि पुन्हा द्राक्षं.
दोन कंटेनरांच्या फटीतून
मला माझी खिडकी दिसते. नखाएवढी.
तिच्यात एक तपकिरी ठिपका.
तो कधी लुचे असतो, कधी उशी.
नीट बघावं म्हणून मान वळवते
तेवढ्यात खालून मुकादमाची शिट्टी.

परवा शेजारच्या एर्मिनियाबाईंनी दाराखालून चिठ्ठी सरकवली:
"यास्ना, तू गेलीस की तुझा कुत्रा रडतो.
रागावू नकोस. मलाही रडू येतं, म्हणून सांगितलं."

मंगळवारी मग जुना फोन
साखरेच्या डब्यामागे ठेवून गेले, रेकॉर्डिंग चालू करून.
दिवसभर वाटत राहिलं
आपण कुणाची तरी पत्रं फोडतोय.

रात्री कांदे चिरत ऐकायला बसले.
आधी माझी पावलं. दार. कुलूप, दोनदा.
पायऱ्या उतरणारी मी, बारीक होत होत नाहीशी.

मग काही नाही.

फ्रिज गुरगुरतो, थांबतो.
नखं टकटकत दारापर्यंत जातात, परत येतात.
पाणी, लपालपा.
एक सुस्कारा, इतका माणसाचा
की मी सुरी खाली ठेवली.
साडेनऊला गॅसवाला सिलिंडर बडवत गेला,
लुचे दोनदा भुंकला, नोकरी असल्यासारखा.
मग तासभर नुसतं घरच:
उन्हानं ताणला जाणारा पत्रा,
नळाचा थेंब, जो मी गेल्या वर्षीच दुरुस्त करणार होते.

अकरा वाजून पाच मिनिटांनी बंदरातून जहाजाचा भोंगा.
ते जहाज मीच भरून दिलं होतं.
आणि तो रडला.
रडला म्हणजे, भोंग्याचा सूर धरला आणि
सोडेचना. भोंगा थांबला तरी ह्याचा चालूच,
वर, अजून वर,
मग मध्येच तुटला,
ओठांवर आलेलं नाव ऐन वेळी विसरावं तसा.

त्यानंतर भिंतीपलीकडून, अगदी पुसट,
एर्मिनियाबाई:
"हो रे बाबा. हो. मी आहे ना इथे."
रोज बोलत असणार. चिठ्ठीत हे नव्हतं.

दुपार मी पुढे पळवली. घोरणं, पत्रा, घोरणं.
पाच चाळीसला नखं उठली.
मी फोन कानाला लावला, आवाज पूर्ण वाढवला:
वाऱ्याशिवाय कुणी नाही.
पण तो दाराशी जाऊन बसला होता,
शेपटी फरशीवर केरसुणीसारखी, सर्र, सर्र.
चार मिनिटांनी पायऱ्यांवर मी.

किल्ली.
आणि एका बाईचा आवाज,
जो गोदीत कुणी कधी ऐकलेला नाही,
माझ्या आईनंही नाही, मीही नाही:
"आले, आले रे, आले माझ्या वेड्या..."

पायाशी झोपलेला लुचे ताडकन उठला.
माझ्या गुडघ्याला धडकून, माझ्याकडे न बघता
दाराकडे धावला
आणि बंद दारासमोर शेपटी हलवत उभा राहिला,
मला घ्यायला.

कांदे तसेच राहिले.
मी फोन बंद केला, खुंटीवरची किल्ली घेतली,
मागच्या दारानं अनवाणी बाहेर पडले,
अंधारात घराला वळसा घालून
पुढच्या दाराशी आले.
आतून सर्र, सर्र.

घसा खाकरला,
आणि किल्ली लावली.